हाकेच्या आधी

४ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तरी म्हणता, "लिहून पाठव, लिहिताना माणूस निम्मा मूर्खपणा स्वतःच खोडतो." तो खोडून उरलेला निम्मा खाली आहे.

मुंगी आता साडेतीन वर्षांची झाली. शब्द म्हणावेत असे तिच्याजवळ दोनच, 'बा' आणि 'आआ'. त्यातला 'बा' बापाला, पाण्याला आणि शेजारच्या मांजराला सारखाच लागू होतो. काल बालवर्गाच्या बाईंनी मला थांबवून घेतलं. मुंगी गोष्टीच्या वेळी पाठ करून बसते, सांगितलेलं करत नाही, बाकीची मुलं उठली की त्यांच्या मागे उठते. बाई वाईट नाहीत. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तिची समज कमी आहे, तिला रागावू नका." जूनपासून तिला सावकाश शिकणाऱ्या मुलांच्या वेगळ्या वर्गात बसवायचं म्हणतात. एप्रिलअखेर आम्ही संमती द्यायची. त्या वर्गात गेलेलं मूल परत या वर्गात आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

घरात कारणांचा बाजार भरला आहे. सासूबाई म्हणतात, मूल आठ महिन्यांचं असताना मी चष्म्याच्या कारखान्यात परत रुजू झाले, म्हणून. "ज्या वयात आईचं तोंड बघून बोलायला शिकायचं, त्या वयात आई लोकांच्या काचा घासत होती." नणंद म्हणते, पोटात असताना मशीनचा आवाज लागला. शेजारीण म्हणते, पलंगावरून पडली होती ना? मुंगीचे बाबा, आमचे सुतार, काहीच म्हणत नाहीत. फक्त परवा जेवताना खाली बघून विचारलं, "काम सोडलंस तर जमेल का गं?"

कानांची शंका तुम्ही घेऊ नका, ती आम्ही घेऊन झाली. मी मागून जाऊन हाक मारायचा अवकाश, ती वळलेली असते. खरं सांगायचं तर हाक तोंडातून निघायच्या आधीच वळते, इतकी तल्लख. डॉक्टरांनीही मेजावर किल्ल्यांचा जुडगा आपटून पाहिला. मेजाला धरून उभी होती, चांगली दचकली. मग राहिलं काय? डोकं. आणि डोक्याचं कारण म्हणजे मी.

तुम्ही आयुष्यभर पोरांना तर्कशास्त्र शिकवलंत. मला एवढंच सांगा, कारण मी आहे का?

तुमची,
घाईबाई


११ फेब्रुवारी

घाईबाईस,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात लिहिल्याने ते वाढत नाहीत.

तुझ्या पत्रात कारणे पुष्कळ आहेत, पुरावा एकही नाही. एखादी गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, एवढ्यावरून ती दुसरीमुळे घडली असे ठरत नाही. तू कामावर परतलीस त्याच सुमारास मुलीला पहिला दात आला असेल. त्याचे श्रेय कारखान्याला कोणी दिल्याचे तू लिहिलेले नाहीस. त्या कारखान्यात तुझ्यासारख्या इतरही आया असतील. त्यांची मुले बोलतात काय? बोलत असतील, तर त्याच कारणाने तुझीच मुलगी तेवढी गप्प का राहिली, हे विहीणबाईंनी सांगायला हवे. राहता राहिला पलंग. पलंगावरून पडलेली सगळी मुले मुकी राहिली असती, तर जगात बरीच शांतता नांदली असती.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: तू कारण आहेस हे दाखवणारे काहीही मला दिसत नाही. तू कारण नाहीस, असे मात्र मी अद्याप म्हणत नाही. जे पाहिले नाही त्याविषयी मी बोलत नाही.

मुलीला ऐकू उत्तम येते असे तू निःशंकपणे लिहितेस. ते मी गृहीत धरतो. नोकरीचा निर्णय थांबव. आठवड्याची रजा मिळताच मुलीला घेऊन ये.

मामा


१० मार्च

घाईबाईस,

तुम्ही दोघी गेल्यावर घर पूर्ववत लावले. शाईचा डाग फरशीवरून निघाला, गालिच्यावरून निघाला नाही. त्याविषयी माझी तक्रार नाही.

आठवडाभरात जे पाहिले ते क्रमाने लिहितो. ती माझ्या खोलीत बसून कपाटातली पुस्तके काढत असे आणि त्यांची उतरंड रचत असे, सर्वांत मोठे तळाशी, सर्वांत लहान वर. मी मधले एक मुद्दाम बदलून ठेवले. तिने उतरंड मोडली, ते पुस्तक त्याच्या जागी घातले, आणि माझ्याकडे असे पाहिले की मला माझ्या जुन्या परीक्षकांची आठवण झाली. या मुलीची समज कमी आहे असे म्हणणाऱ्याने तिला नीट पाहिलेले नाही.

परंतु मी हाक मारली असता ती एकदाही वळली नाही. दाराची घंटा वाजली तरी तिने मान वर केली नाही. मी मागे उभा राहून तिचे नाव स्पष्ट उच्चारले. तिने पुस्तक उलटे धरून चाटले.

आता विचार कर. मूल बोलत नाही, तेव्हा त्याला ऐकू येत नसेल, किंवा समजत नसेल, किंवा बोलण्याची इच्छा नसेल. ऐकू येते, हे तू सांगतेस. समजते, हे मी पाहिले. उरली इच्छा. तुझ्या घरी तिने बोट दाखवले की वस्तू हातात येते, आणि ज्याला न मागता मिळते त्याला मागण्याची भाषा शिकण्याचे प्रयोजन राहत नाही. ती हट्टी आहे, आणि तो हट्ट तुम्ही सर्वांनी मिळून जोपासला आहे. काही महिने तू रजा घेऊन, जरा कठोर होऊन तिच्याजवळ राहिलीस तर बरे होईल, असे माझे मत झाले आहे. हे तुला रुचणार नाही हे जाणून लिहितो.

मामा


१६ मार्च

ती. मामा,

तुमचं पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि नंतर दोन काचांच्या कडा वाकड्या घासल्या. तिथे लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

सगळे बोट दाखवत होते तेव्हा वाटायचं, अजून एक दार उघडं आहे. तेही तुम्ही लावून घेतलंत, आणि तुमच्या पद्धतीप्रमाणे नीट कडी घालून.

हट्टी म्हणालात. एकदा आमच्या घरी येऊन पाहा. आमच्या सुतारांनी लग्नानंतर खोल्यांची जमीन स्वतः टाकली, फळीला फळी, खालून पोकळ. पाऊल पडलं की कपाटातल्या बशा कुजबुजतात. मी कामावरून येते तेव्हा मुंगी आतल्या खोलीत पाठ करून बसलेली असते. मी तिच्यामागे जाते, हाक मारायला तोंड उघडते, तर तिचं हसू आधीच माझ्याकडे वळलेलं. असं रोज होतं. हट्टी मूल असं करतं का? तुमच्याकडे वळली नाही, कारण तुमच्या घरात कुणीच वळणार नाही. त्या गार फरशीवर लहानपणी मीसुद्धा तोंड मिटून बसायचे, तुम्हाला आठवत नसेल.

असो. तर्काने तुम्ही पोचलात तिथेच सासूबाई तर्काशिवाय आधीच पोचल्या होत्या. राजीनामा लिहून ठेवला आहे, महिनाअखेर देईन. वेगळ्या वर्गाच्या संमतीवर सुतारांची सही झाली. माझी राहिली आहे. पेन उचलते आणि ठेवते. ती सही केली की मुंगी त्या वर्गाची झाली, आणि ते माझ्या हाताने झालेलं असेल.

तुमची,
भाची


१७ मार्च

मामासाहेबांना सुताराच्या आईचा नमस्कार.

मला लिहायची सवय नाही, अक्षर सांभाळून घ्या. सून दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. तुमचं पत्र आल्यापासून हे सुरू आहे, म्हणजे तुम्ही काहीतरी शहाणपणाचं लिहिलं असणार. तिला कळू न देता हे लिहिते.

तिला तेवढं काम सोडायला सांगा. तुमचं ऐकते. माझं ऐकायचं तर तिचे कान बंद, आणि कान बंद करून पुन्हा उलट उत्तर मात्र बरोबर देते! मी वाईट नाही हो. माझा मुलगाही उशिरा बोलला. तेव्हा माझ्या सासूने भरल्या घरात सांगितलं, हिच्याच दुधात खोट. मी मुकाट्याने ऐकलं, आणि आता माझ्याच तोंडातून तसलंच निघतं. कळतं मला. पण कारण नको का सापडायला? सापडलं तर काढून टाकता येईल. नाही सापडलं तर पोरीला असंच बघत बसायचं का?

पोरगी मंद नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. मी पलंगावर बसून काठी जमिनीवर टेकवली की पलीकडच्या खोलीतून पाण्याचा पेला घेऊन धावत येते. माझ्या मुलाला दहा हाका माराव्या लागतात आणि ही काठीच्या एका ठोक्याला हजर. आता लहर आहे तिची, नाही म्हणत नाही. परवा काठी पलंगामागे पडली, मी घसा बसेपर्यंत ओरडले, पण महाराणी आल्या नाहीत. पाठ करून ठोकळे मांडत होत्या. तेवढा हट्ट आहे, बापावर गेलीय.

काही चुकलं असेल तर माफ करा.


२२ मार्च

घाईबाईस,

हे पत्र जलद डाकेने पाठवत आहे. ते उभ्याने वाचू नकोस.

तुझे पत्र आणि तुझ्या सासूबाईंचे एक पत्र (त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी तुझ्यावर उपकार केला आहे) मी मेजावर शेजारी शेजारी ठेवून वाचली. कार्य कारणाच्या आधी घडत नाही. तुझी हाक हे मुलीच्या वळण्याचे कारण असते, तर वळणे हाकेनंतर यायला हवे होते. ते आधी येते, असे तू मला दोनदा लिहिलेस आणि पहिल्या वेळी मी ते आईचे कौतुक समजून पुढे गेलो. ती वळते हे खरे आहे. पण हाकेने वळत नाही.

मग कशाने? विहीणबाईंची काठी जमिनीवर टेकली की ती येते. काठी नसते तेव्हा ओरडूनही येत नाही. तुझ्या घरी जमीन लाकडी आहे, पोकळ आहे, आणि तिच्यावर तुझे पाऊल तुझ्या हाकेच्या आधी पडते. माझ्या घरी जमीन दगडी आहे. डॉक्टरांनी जुडगा आपटला तेव्हा ती मेजाला धरून उभी होती, हेही तुझ्याच पत्रात आहे.

माझा युक्तिवाद बांधणीने बिनचूक होता. त्याच्या पायातली एक वीट मी स्वतः दाबून पाहिली नव्हती.

आता असे कर. ती खोलीत येण्यापूर्वीच, जिथे फळ्या नाहीत अशा जागी जाऊन उभी राहा. चालू नकोस, हलू नकोस, तुझी सावली तिच्यावर पडू देऊ नकोस. तिची पाठ तुझ्याकडे असताना हाक मार. इतरांनी पाय जमिनीवरून उचलून घ्यावेत. विहीणबाईंची काठी त्यांच्या मांडीवर असावी.

याने काही सिद्ध होणार नाही. सिद्ध करणे हे कानाच्या डॉक्टरांचे काम. तोवर ते दोन्ही कागद, राजीनाम्याचा आणि संमतीचा, जागचे हलवू नकोस.

मामा


३० मार्च

ती. मामा,

तुम्ही सांगितलंत तसंच केलं.

न्हाणीघराच्या दारात फरशी आहे. तिथे मी आधीच जाऊन उभी राहिले. सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन, काठी मांडीवर, परीक्षेला बसल्यासारख्या. सुतार खिडकीच्या कट्ट्यावर. मुंगी आली, पाठ करून ठोकळे मांडू लागली. मी हाक मारली.

काही नाही.

पुन्हा मारली. सासूबाई म्हणाल्या, "जरा प्रेमाने मार की. मास्तरणीसारखी काय मारतेस!" मी प्रेमाने मारली. मग त्यांनी स्वतः मारली, त्यांची ती गल्लीच्या टोकापर्यंत जाणारी. समोरची बाई खिडकीत धावत आली, "काय झालं हो?" मुंगीने तांबड्या ठोकळ्यावर निळा ठेवला.

"नाटकं करतेय," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज उतरला होता.

सुतार कट्ट्यावरून वाकले, एक पाय खाली सोडला आणि टाच फळीवर टेकवली. हलकेच, मलाही ऐकू आली नाही अशी. मुंगी वळली आणि हसली. "बा."

ते तिथेच खाली बसले. फळीवरून हात फिरवत राहिले, रंधा मारून झाल्यावर फिरवतात तसा. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या जमिनीनेच आपल्याला फसवलं." सासूबाई म्हणाल्या, "तुझी जमीन नसती तर घरात कोण आलं, कोण गेलं, हेही लेकराला कळलं नसतं. ऊठ, चहा टाक. आणि हिलाही दे, उभी राहून राहून पडेल."

कानाच्या रुग्णालयात पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. कागद जागचे हलवलेले नाहीत.

तुमची,
घाईबाई


२४ एप्रिल

ती. मामा,

तपासणी झाली. गादीसारख्या मढवलेल्या भिंतींची एक लहान खोली होती. तिच्यात मुंगी माझ्या मांडीवर, आणि काचेपलीकडे एक तरुण मुलगी आवाज वाढवत होती. सुरुवातीला मला ऐकू येत होते, मुंगीला नाही. मग मला ते सोसवेनात, आणि तेव्हा कुठे मुंगीने मान वर केली.

दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. जवळून गेलेल्या ट्रकचा भोंगा कदाचित कळत असेल. माणसाचं बोलणं नाही. साडेतीन वर्षं मी तिच्याशी बोलत होते, मामा, आणि तिच्यापर्यंत माझी फक्त पावलं जात होती.

त्यांनी तिची समजही तपासली, ठोकळे आणि चित्रं देऊन. वयाच्या पुढे आहे. हे त्यांनी शाळेसाठी लिहून दिलं आणि मी संमतीचा कागद माझ्या सहीविनाच बाईंच्या हातात परत केला. बाईंनी रिपोर्ट वाचला, तोंडावर हात ठेवला, आणि मुंगीला पहिल्या रांगेत बसवायचं कबूल केलं. कानाची यंत्रं जूनमध्ये येतील. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की यंत्राने ऐकू येईल, पण भाषा आपोआप येणार नाही. जी वर्षं गेली ती भरून काढायला बराच काळ लागेल, आणि सगळं भरून निघेलच असं नाही.

सासूबाईंनी विचारायचं ते विचारलंच, "हे आलं कुठून? आमच्याकडून की हिच्याकडून?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, जन्मापासून असावं. कशामुळे ते आज सांगता येत नाही, पुढेही सांगता येईलच असं नाही."

कारखान्यात माझ्यासमोर काचा येतात त्यांच्याबरोबर एक चिठ्ठी असते. तिच्यावर नंबर असतो. त्या माणसाच्या आईने काय केलं होतं, ते कुणी लिहून पाठवत नाही, आणि काच घासायला मला ते कधी लागलेलं नाही. हे मी स्वतःला रोज सांगते. तरीही, खरं लिहिते, सासूबाईंपेक्षा जास्त मलाच कारण हवं आहे. "माहीत नाही" एवढ्यावर झोप लागत नाही.

राजीनामा फाडला. बोलण्याच्या शिकवणीला सकाळी सुतार नेणार, दुपारनंतर मी. "लाकूड कुठे पळून जातंय," म्हणाले.

तुमची,
घाईबाई


३० एप्रिल

घाईबाईस,

'हे कशामुळे झाले' असे विचारणारा माणूस दोन वेगवेगळे प्रश्न एकाच वाक्यात विचारत असतो. आता काय करावे, हा त्यातला एक, आणि कोणाला दोषी धरावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तुम्हाला मिळाले आहे. ती बोलत नव्हती कारण तिला ऐकू येत नव्हते. तिथे उपाय आहे आणि तो जूनमध्ये येत आहे. ऐकू का येत नव्हते, हे कदाचित कळणार नाही. ते कळले असते तरी मुलीशी उद्या सकाळी कसे बोलायचे यात तिळमात्र फरक पडला नसता. विहीणबाईंना कारण शोधून ते काढून टाकायचे होते. त्यांना सांग, की काढून टाकण्याजोगे घरात काही नव्हते, तूही नव्हतीस.

फेब्रुवारीत तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी उत्तर राखून ठेवले होते. आता देतो. नाही.

दुसरी गोष्ट कामाची आहे. तुझ्या सुतारांना विचार, माझ्या बैठकीच्या खोलीत आणि तिला लागून असलेल्या ओसरीत फळ्या टाकायला किती खर्च येईल. खालून पोकळ हव्यात. यंत्रे रात्री काढून ठेवावी लागत असतील, आंघोळीच्या वेळीही. मुलगी इथे येईल तेव्हा पाठीमागून कोणी येत आहे, हे तिला त्याही वेळी कळायला हवे. मी चपला घालून चालेन.

मामा


९ सप्टेंबर

ती. मामा,

फळ्यांना रंधा मारून झाला आहे. सुतार पुढच्या आठवड्यात घेऊन निघतील. पैशांचं नाव काढलंत तर ते परत घेऊन येतील, असा निरोप आहे. सासूबाईही येणार म्हणतात. "मामासाहेबांनी मला काठी मांडीवर ठेवायला लावली होती, आता त्यांच्या घरी वाजवून दाखवते."

यंत्रांचे पहिले दिवस कठीण गेले. नळ सोडला की मुंगी रडायची, कागद चुरगळला की रडायची. यंत्रं उपटून तांदळाच्या डब्यात लपवायची. सासूबाई शोधून काढून घालायच्या आणि सांगायच्या, "मलाही सुनेचं बोलणं ऐकावंच लागतं, तूही ऐक." सगळं तोंडासमोर तोंड नेऊन, सावकाश. एवढं हळू त्या आयुष्यात कुणाशी बोलल्या नसतील. शब्द आता मोजके आहेत, पण खरे आहेत. बापाला 'बा' आणि पाण्याला 'पाई'. मांजराला अजून नाव ठरायचं आहे.

हे सगळं प्रत्यक्ष भेटीत सांगितलं असतं, पण एक गोष्ट तुम्हाला लिहूनच कळवायची होती.

काल तुमचा प्रयोग मी पुन्हा केला. कुणाला सांगितलं नाही. मुंगी यायच्या आधी न्हाणीघराच्या दारात फरशीवर जाऊन उभी राहिले. ती आली, पाठ करून बसली, ठोकळे काढले. मी हाक मारली, नेहमीच्या आवाजात.

काही झालं नाही. मी पुन्हा मारणार होते. तेवढ्यात ठोकळा धरलेला तिचा हात हवेत थांबला. तिने आधी जमिनीकडे पाहिलं, फळीवर तळवा ठेवून पाहिला. फळी गप्प होती. मग तिने मान उचलली, खिडकीकडे बघितलं, आजीच्या रिकाम्या पलंगाकडे बघितलं, आणि मग वळली.

उशिरा वळली, मामा. पण हाकेच्या नंतर.

तुमची,
घाईबाई